पालथं भिक्षापात्र

गेल्या बुद्धपौर्णिमेला आपल्या वस्तीतल्या विहारात कविसंमेलन झालं. माझा नंबर रात्री साडेअकराला लागला. मी ब्रह्मदेशावरची कविता म्हटली. त्या कवितेत एक टेकडी आहे. टेकडीवर लाकडी क्रूस आहे. तो क्रूस उपटून तिथं पॅगोडा बांधायचं काम चाललंय, आणि त्या कामावर ख्रिस्ती माणसांनाच वेठीला धरलंय. कविता संपली. टाळी पडली नाही. एक जुने कार्यकर्ते उठले. नामांतराच्या लढ्यात डोकं फोडून घेतलेला माणूस, त्यांच्याबद्दल मला आदर आहे. म्हणाले, "पोरा, बुद्धपौर्णिमेच्या दिवशी बुद्धाची बदनामी? ही बामनांची कामं तू कशाला करतोस?"

मी खाली बसलो. उत्तर सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी रातपाळीत साच्यावर सुचलं, पण तिथं ऐकायला फक्त चात्या. म्हणून हे लिहितोय. काकांना उत्तर म्हणून लिहितोय, आणि आपल्या सगळ्यांच्या कवितेची झडती म्हणूनही. त्या झडतीत माझीही कविता आली.

आधी एक फोटो सांगतो. आपल्या अंकात फोटो छापता येत नाहीत, म्हणून शब्दांत. ८ मार्च २०२१. उत्तर ब्रह्मदेशातलं मिचिना शहर, काचिन राज्याची राजधानी. महिनाभरापूर्वी, १ फेब्रुवारीला, लष्करानं सत्ता बळकावली आहे आणि रस्त्यावर पोरं निदर्शनं करताहेत. बंदूकधारी पोलिसांसमोर पांढऱ्या झग्यातली एक बाई गुडघे टेकून बसली आहे. दोन्ही हात पसरलेले. पोरांना मारू नका, हवं तर मला मारा, असं ती सांगते आहे. तिचं नाव सिस्टर ॲन रोझ नू तॉंग. कॅथलिक जोगीण. तिच्यासमोर दोन पोलीसही गुडघ्यावर बसलेत, हात जोडून. फोटो इथंच थांबतो. त्या दिवशी गोळीबार झालाच, माणसं मेलीच.

मी तो फोटो पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला वाटलं, करुणा म्हणतात ती हीच. आणि लगेच दुसरी गोष्ट डोक्यात आली. हा देश बौद्धांचा. २०१४ च्या जनगणनेप्रमाणे शंभरातले जवळजवळ ८८ बौद्ध, ख्रिस्ती सहाच्या आसपास. मग त्या फोटोत करुणा एका ख्रिस्ती बाईच्या अंगात आणि बंदूक बौद्ध राज्याच्या हातात, हे कसं झालं? माझी कविता या प्रश्नातून आली. बदनामी करायची हौस मला नाही.

मित्रहो, ब्रह्मदेश आपल्याला परका नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांना दीक्षा दिली ती भदंत चंद्रमणी महास्थविरांनी. राहायचे कुशीनगरला, पण जन्म अराकानातला, म्हणजे ब्रह्मदेशाच्या पश्चिम किनाऱ्यावरचा. १९५४ च्या डिसेंबरात बाबासाहेब रंगूनला जागतिक बौद्ध परिषदेला गेले, तब्येत ढासळलेली असताना. आपल्या घरातल्या जुन्या माणसांना रंगून हे नाव त्यामुळं ठाऊक. आपल्या मनातला ब्रह्मदेश म्हणजे सोन्याचे पॅगोडे, चिवर घातलेली बारकी पोरं, पहाटे भिक्षेला निघालेली रांग. ते सगळं खरं आहे. पण त्याच देशातल्या डोंगरात जे चाललंय तेही तितकंच खरं आहे, आणि त्याकडे आपण पाहिलेलं नाही.

आता आपल्या कवितेचं बोलू. आपल्या कवितेत बुद्ध दोन रूपांनी येतो. एक लेण्यातला. दगडाचा, डोळे मिटलेला, तिकीट काढून बघायचा. त्याला आपण नकार दिला. दुसरा वस्तीतला. रात्रशाळेच्या पोराशेजारी बसणारा, मोर्चात चालणारा, भाकरीचा तुकडा मोडून देणारा. हा आपण घडवला, आणि मराठी कवितेला आपण दिलेलं ते मोठं देणं आहे. पण जगात तिसरा एक बुद्ध आहे. तो राज्यकर्त्याच्या हातातला आहे. त्याच्या नावानं कायदे होतात, त्याच्या नावानं जमीन घेतली जाते, त्याच्या मूर्तीपुढं सेनापती हात जोडतो आणि मूर्तीकडे पाठ केली की गाव जाळायचा हुकूम देतो. हा तिसरा बुद्ध आपल्या कवितेत कुठंच नाही. आपली कविता अर्धा डोळा झाकून लिहिली जाते ती इथं.

डोंगरातली माणसं ख्रिस्ती कशी झाली, ते थोडक्यात सांगायला पाहिजे. १८१३ साली ॲडोनिराम जडसन नावाचा अमेरिकन बॅप्टिस्ट रंगूनला उतरला. मैदानातल्या बौद्ध बर्मी लोकांनी त्याला फारसा भाव दिला नाही. त्यांच्याकडे ग्रंथ होते, विहार होते, विहारात शाळा होत्या. मिशनचं ऐकलं ते डोंगरातल्या करेन, काचिन, चिन लोकांनी. हे लोक निसर्गाच्या आत्म्यांना पुजणारे. मैदानी माणूस त्यांना रानटी समजायचा. मिशनऱ्यांनी त्यांच्या बोलीला अक्षरं दिली. करेन बोलीला बर्मी वळणाची, काचिन बोलीला रोमन. आपली बोली कागदावर पहिल्यांदा पाहिल्यावर माणसाचं काय होतं, हे आपल्याला कुणी सांगायला नको. जोतिबाही स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले होते. आज चिन राज्यात शंभरातले ८५ ख्रिस्ती आहेत.

बर्मी राष्ट्रवादी यावर म्हणतो, हा परक्यांचा धर्म आहे, इंग्रजांच्या बंदुकीबरोबर आलेला. त्याच्या रागामागंही एक जखम आहे. १८८५ मध्ये इंग्रजांनी त्यांचा राजा थिबा याला पकडलं आणि आपल्या रत्नागिरीत आणून ठेवलं. १९१६ मध्ये तो तिथंच मेला. तो नुसता राजा नव्हता, संघाचा पालक होता. तो गेला तेव्हा बर्मी बौद्धाला वाटलं, धर्मच उघड्यावर पडला. पुढं इंग्रजांनी पलटणीत बर्मी माणसापेक्षा करेन, काचिन, चिन पसंत केले, आणि बर्मी शेतकऱ्यांची बंडं मोडायला तेच शिपाई वापरले. तेव्हापासून शिक्का बसला, हे फितूर.

हा शिक्का ओळखीचा वाटतो का? १८१८ च्या कोरेगावावरून आपल्याला हेच ऐकवतात. इंग्रजांच्या बाजूनं लढलात. ज्याला गावात पाणी मिळत नव्हतं त्यानं कुणाच्या बाजूनं लढायला पाहिजे होतं, हे सांगायला कुणी पुढं येत नाही. करेन शिपायालाही हा प्रश्न कुणी विचारला नाही.

स्वातंत्र्याआधी एक चांगली गोष्ट घडली होती. १२ फेब्रुवारी १९४७ ला पांगलाँग या गावी आंग सान आणि चिन, काचिन, शान पुढारी एकत्र बसले. डोंगराचा कारभार डोंगरातली माणसं बघतील, असा करार झाला. त्याच वर्षी १९ जुलैला आंग सानचा खून झाला. तो स्वतः बौद्ध होता, पण धर्म आणि राजकारण यांची गाठ मारू नका म्हणायचा. त्याच्यामागून आलेले पंतप्रधान ऊ नू हे भाविक, सज्जन गृहस्थ. बाबासाहेब रंगूनला गेले तेव्हा देशाची सूत्रं त्यांच्याच हातात होती. त्यांनी १९६० ची निवडणूक बौद्ध धर्म राज्यधर्म करतो या वचनावर लढवली, जिंकली, आणि ऑगस्ट १९६१ मध्ये तसा कायदा केला. काचिन तरुणांनी त्याआधीच, फेब्रुवारी १९६१ मध्ये, बंदूक उचलली होती. चीनला दिलेली काचिन गावं, मागं पडलेला भाग, मोडलेली वचनं अशी कारणं बरीच होती. पण राज्यधर्माच्या घोषणेनं डोंगरात एकच गोष्ट कळली: हा देश आता आपला नाही. ते युद्ध अजून संपलेलं नाही.

इथं वाचकानं नीट थांबावं. ऊ नू दुष्ट नव्हते. विराट सभा भरवायचे, भिक्खूंची सेवा करायचे. पण राज्य एका धर्माचं झालं की बाकीचे आपोआप भाडेकरू होतात. मालक कितीही सज्जन असो, भाडेकरूला रात्री झोप लागत नाही. मग १९६२ मध्ये नी विन या सेनापतीनं सत्ता घेतली. राज्यधर्म गेला, पण १९६५ पासून मिशनच्या शाळा-दवाखाने सरकारनं ताब्यात घेतले आणि १९६६ च्या सुमारास परदेशी मिशनऱ्यांना बाहेर काढलं. गंमत अशी की मिशनरी गेल्यावर डोंगरातले चर्च वाढले. ज्याला परक्यांचा धर्म म्हणत होते तो तिथल्याच माणसांनी अंगावर घेतला.

१९८८ साली लोक रस्त्यावर उतरले. लष्करानं त्यांना गोळ्या घातल्या. हात रक्तानं भरले तेव्हा सेनापतींना बुद्धाची आठवण झाली. पॅगोडे बांधा, कळस चढवा, भिक्खूंना दान द्या, टीव्हीवर दाखवा. त्याच काळात चिन डोंगरात पलटणी वाढल्या. चिन लोक गावाजवळच्या डोंगरमाथ्यावर क्रूस उभारतात. लांबून दिसतो तो. सैनिकांनी ते पाडायला लावले. काही ठिकाणी त्याच माथ्यावर पॅगोडे उभे राहिले, आणि दगड-वाळू वाहायला बोलावलं ते ख्रिस्ती गावकऱ्यांना. मजुरी नाही. वर वर्गणीही. चिन लोकांच्या मानवी हक्क संघटनेनं याच्या जबान्या वर्षानुवर्षं गोळा केल्यात.

याला आपल्या भाषेत शब्द आहे. वेठबिगार. आपल्या आज्यानं महारकीत केली ती. सांगावा पोचव, मढं ओढ, सरकारी सामान डोक्यावर घेऊन पुढच्या गावापर्यंत चाल. त्या माथ्यावर जो मूर्ती बसवतो आणि ज्याच्या डोक्यावर पाटी आहे, त्यातला आपला कोण? मूर्ती बघून आपला माणूस ठरवायचा की पाटी बघून? काकांना मला हेच विचारायचं होतं.

दुसरी गोष्ट शाळांची. सीमाभागातल्या गरीब पोरांसाठी सरकारनं वसतिगृहाच्या शाळा काढल्या. राहणं-खाणं फुकट, पुढं सरकारी नोकरी. डोंगरात दुसरी शाळाच जवळ नाही, म्हणून ख्रिस्ती आईबाप पोरं पाठवतात. तिथं पोरांकडून बौद्ध पाठ म्हणवून घेतात, चर्चला जाऊ देत नाहीत, काहींची मुंडणं करून त्यांना श्रामणेर केलं, अशा तक्रारी नोंदल्या गेल्यात. मिशनरी तांदूळ देऊन बाटवतात म्हणून जगभर ओरड होते. इथं राज्य शाळेचं आमिष दाखवून पोरांना बौद्ध करतं. धम्म पोटातल्या भुकेवर लादला तर तो धम्म राहत नाही. नागपूरला जे लाखो लोक जमले ते भाकरी मिळेल म्हणून जमले नव्हते. भाकरी बांधून घेऊन आले होते.

आणि तिसरी गोष्ट कायद्याची. २०१५ मध्ये ब्रह्मदेशात, लष्करी सावलीतल्या निमनागरी सरकारच्या काळात, चार कायदे झाले. वंश आणि धर्म रक्षणाचे कायदे असं त्यांना म्हणतात. त्यामागं मा बा था ही भिक्खूंची संघटना होती. रोख मुख्यतः मुसलमानांवर होता. रोहिंग्यांचं पुढं काय झालं ते जगानं पाहिलं, आणि ते त्याच अराकानात झालं जिथं चंद्रमणी महास्थविर जन्मले. पण कायद्याची धार सगळ्यांवर चालते. त्यातला एक धर्मांतराचा. धर्म बदलायचा असेल तर अठरा वर्षं पूर्ण पाहिजेत. तालुक्याच्या मंडळाकडे अर्ज करायचा. मंडळ मुलाखत घेणार, का बदलतोस म्हणून विचारणार. मग थांबायचं. मग पटलं तर सर्टिफिकेट.

आता डोळे मिटा आणि हा कायदा १९५६ च्या नागपूरला लावून बघा. दीक्षाभूमीवर पांढऱ्या कपड्यातली लाखो माणसं. कडेवर पोरं. ती पोरं अठरा वर्षांची नाहीत, म्हणून बाजूला. बाकीच्यांनी रांगेत उभं राहून अर्ज भरायचे, त्यातल्या बहुतेकांना लिहिता येत नाही. आणि टेबलामागं कोण बसलंय? तालुक्यातले प्रतिष्ठित. ते विचारणार, "काय रे, हिंदू धर्मात तुला काय कमी पडलं?"

हसू नका. ८ एप्रिल २०२४ ला गुजरात सरकारच्या गृहखात्यानं परिपत्रक काढलं. त्यात एक गोष्ट आपल्या म्हणण्याला धरून आहे, बौद्ध धर्म हा वेगळा धर्म समजावा. पण पुढं म्हटलंय, हिंदूमधून बौद्ध व्हायचं असेल तर तिथल्या २००३ च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्याची आगाऊ परवानगी पाहिजे. म्हणजे ब्रह्मदेशात बौद्ध धर्मातून बाहेर पडताना साहेबाचा शिक्का, आणि गुजरातेत बौद्ध धर्मात येताना साहेबाचा शिक्का. दोन्हीकडे दारावर उभा आहे तो एकच शिपाई, फक्त टोपी वेगळी. चिन ख्रिश्चनाच्या बाजूनं बोलणं म्हणजे दुसऱ्याच्या घरचं भांडण उकरणं नाही. दार सगळ्यांसाठी उघडं राहिलं तरच ते आपल्यासाठी उघडं राहील.

बाबासाहेबांनी हे आधीच ओळखलं होतं. १९४७ साली 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात त्यांनी मूलभूत हक्क मांडले. राज्यानं कुठलाही धर्म राज्यधर्म मानू नये, हे त्यात साफ आहे. धर्म पाळण्याचा, सांगण्याचा आणि दुसऱ्याला आपल्या धर्मात घेण्याचाही हक्क त्यात आहे. तेव्हा त्यांचा ओढा बुद्धाकडे होता, तरी बुद्धासाठी त्यांनी राज्याकडे खुर्ची मागितली नाही. आणि बुद्धधर्माची चिकित्सा करायलाही ते कचरले नाहीत. 'बुद्ध आणि त्याचा धम्म'च्या सुरुवातीलाच त्यांनी विचारलंय, भिक्खू कशासाठी आहे? स्वतःपुरता परिपूर्ण व्हायला की समाजाची सेवा करायला? हा प्रश्न विचारणं ही बदनामी असेल तर पहिली बदनामी बाबासाहेबांच्या नावावर लिहावी लागेल.

२०२१ नंतर काय झालं ते थोडक्यात सांगतो, कारण आपल्या पेपरात ते आतल्या पानावर दोन ओळीत येऊन गेलं. १८ सप्टेंबर २०२१, चिन राज्यातलं थांतलांग. सैन्याच्या माऱ्यानं घरं पेटली. चुंग बियाक हुम हे बॅप्टिस्ट पाळक आग विझवायला धावले, त्यांना गोळी घातली. बोट कापून अंगठी नेली, असं गावकऱ्यांनी सांगितलं. आपण आपल्या पोरांना अंगुलीमालाची गोष्ट सांगतो. बोटं कापणाऱ्याला बुद्धानं थांबवलं. इथं बोट कापणारा बुद्धाच्या नावाच्या राज्याचा शिपाई होता, आणि थांब म्हणणारा कुणी नव्हता. पुढं ऑक्टोबरच्या अखेरीस दीडशेच्या वर घरं जळाली, चर्चही. अख्खं शहर रिकामं झालं. त्याच वर्षी २४ डिसेंबरला, नाताळच्या आदल्या दिवशी, काया राज्यात फ्रुसोजवळ मो सो गावात किमान ३५ माणसं मारून गाड्यांसकट जाळली. खालाम सॅमसन हे काचिन बॅप्टिस्टांचे पुढारी २०२२ च्या डिसेंबरात पकडले गेले, सहा वर्षांची शिक्षा झाली. २०२४ च्या एप्रिलमध्ये सोडलं, काही तासांत परत नेलं, जुलैत पुन्हा सोडलं.

आणि या सगळ्याच्या मध्ये, १ ऑगस्ट २०२३ ला, सेनापती मिन आंग ह्लाईंगनं राजधानीत बुद्धाची भव्य संगमरवरी मूर्ती बसवली. मूर्तीचं नाव मारविजय. माराला जिंकणारा. मूर्ती बसवणारा कोण आणि मार कोण, हे वाचकानं ठरवावं.

चिन माणसं डोंगर उतरून आपल्याकडे, मिझोराममध्ये आली. तीस हजारांच्या वर. दिल्लीनं सीमा बंद करा म्हटलं, मिझो लोकांनी घरं उघडली, कारण नातं एकच आहे. आपल्या देशात आलेल्या या माणसांसाठी आपल्या एका तरी संघटनेनं सभा घेतली का? माझ्या ऐकिवात नाही. मीही घेतली नाही. कविता तेवढी लिहिली.

आता काकांच्या बाजूनं जे म्हणता येईल ते म्हणतो. एकतर्फी लिहिणं मलाही पटत नाही.

पहिलं: हे लष्कर करतं, धम्म नाही. यात बरंच खरं आहे. सगाईंग भागात हजारो घरं याच लष्करानं जाळली, आणि ती घरं बर्मी बौद्धांची होती. २००७ मध्ये महागाईविरुद्ध भिक्खू रस्त्यावर आले. त्यांनी सेनापतींचं दान नाकारलं, भिक्षापात्र पालथं धरलं. बौद्ध समाजात याहून मोठा बहिष्कार नाही, कारण दान घेतलं नाही तर देणाऱ्याला पुण्य लागत नाही. त्यासाठी भिक्खूंनी मार खाल्ला, तुरुंग भोगला. माझ्या मते त्या वर्षी बुद्ध ब्रह्मदेशात होता, आणि तो त्या पालथ्या पात्रात होता. पण विराथु हाही भिक्खूच. मुसलमानांविरुद्ध विष पेरणारा. २०२१ मध्ये लष्करानं त्याला सोडलं आणि २०२३ मध्ये मानाची पदवी दिली. दोघांचं चिवर एकाच रंगाचं आहे. म्हणून चिवर बघून माणूस ओळखता येत नाही, पात्र उताणं आहे की पालथं ते बघावं लागतं.

दुसरं: ख्रिस्ती काय सगळे साधू आहेत? नाहीत. करेन लोकांच्या संघटनेत वर बसलेले बहुतेक ख्रिस्ती, खाली लढणारे पुष्कळसे बौद्ध करेन. खालच्यांचं वर कुणी ऐकेना. १९९४ मध्ये बौद्ध करेन शिपाई फुटले, लष्कराला मिळाले, आणि १९९५ च्या जानेवारीत मानेरप्लाव हा करेनांचा मुख्य तळ पडला. म्हणजे अल्पसंख्याकाच्या पोटातही दुसरा अल्पसंख्याक असतो, आणि त्याला तुडवलं की घर आतून पडतं. म्हणून मी ख्रिस्ताची बाजू घेत नाही आणि बुद्धाची सोडत नाही. मी पाटीखालच्या माणसाची बाजू घेतो. पाटीखाली उद्या बौद्ध आला तर त्याची.

ही गोष्ट मला पुस्तकांनी शिकवली नाही. आमच्या खात्यात शेजारच्या साच्यावर नगरकडचा एक जण आहे. आडनाव आपल्यातलंच. त्याचा पणजा आणि माझा पणजा एकाच महारवाड्याला शोभतील असे. त्याचा पणजा अमेरिकन मिशनच्या काळात ख्रिस्ती झाला, माझा आजा छप्पन्न साली बौद्ध झाला. त्याला म्हणतात, पावासाठी बाटले. मला म्हणतात, सवलतीसाठी बाटले. म्हणणारं तोंड एकच. १९५० च्या आदेशानं अनुसूचित जातीच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ मध्ये शीख आत आले, १९९० मध्ये आपण बौद्ध. तो अजून बाहेर आहे. त्याच्या पोरीच्या कॉलेजच्या फॉर्मवर जात विचारतात तेव्हा तो पेन हातात धरून नुसता बसतो. मी त्याला कधी म्हटलं नाही की तुझ्यासाठी आम्ही लढू. डबा मात्र वाटून खातो.

बुद्धपौर्णिमेला मी त्याला विहारात घेऊन गेलो होतो. माझी कविता ऐकायला. काका बोलले तेव्हा तो मागच्या रांगेत बसला होता. बाहेर आल्यावर म्हणाला, "तू कशाला म्हणालास रं ती? तुझ्याच लोकांत तुला वाईट व्हावं लागलं." मी म्हटलं, "माझे लोक कोण, तेच तर ठरतंय."

काकांवर माझा राग नाही. त्यांनी बुद्धासाठी डोकं फोडून घेतलं, म्हणून बुद्धावर ओरखडा आलेला त्यांना सोसत नाही. पण ते एक विसरले. आपण बुद्धाकडे गेलो तेव्हा आपण दुबळे होतो, आणि बुद्ध कुणाचाच राजा नव्हता. म्हणून तो आपल्याला मुक्तिदाता वाटला. दुबळ्याच्या हातातला धम्म आणि सेनापतीच्या हातातला धम्म यांच्यातला फरक जगाला सांगू शकेल असा समाज कुठला असेल तर तो आपणच. आपण गप्प बसलो तर शत्रू म्हणेल, बघा, यांनाही फक्त आपला देव आणि आपलं देऊळच पाहिजे होतं.

लिहिणाऱ्या मित्रांना एवढंच मागणं. पुढच्या अंकासाठी बुद्धावर कविता पाठवाल तर एकदा तपासा, त्यातला बुद्ध कुणाच्या बाजूला उभा आहे. नुसता शांत, नुसता सुंदर, नुसता आपला असेल, तर ती कविता परत लिहा. कार्यकर्त्या मित्रांना मागणं असं, की तुमच्या भागातल्या ख्रिस्ती वस्तीत एकदा जा. त्यांच्या सवलतीच्या मागणीच्या अर्जावर सही करा. ब्रह्मदेश तिथूनच सुरू होतो.

मी येत्या बुद्धपौर्णिमेला तीच कविता पुन्हा म्हणणार आहे. काकांनी समोरच बसावं. टाळी नको. ऐकून झाल्यावर जे वाटेल ते बोलावं, या वेळी मी खाली बसणार नाही.

जयभीम.